सगळ्यांच्या गुडघ्यांना पट्ट्या

नदीकाठच्या एका नगरात पूर्वी एक वृद्ध हाडवैद्य राहत होते. तारुण्यात ते नामांकित मल्ल होते, म्हणून लहानथोर सारे त्यांना वस्ताद म्हणत. आखाडा सुटला तरी हातातली विद्या सुटली नव्हती. उतारवयात नगराच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने त्यांना आदराने बोलावून घेतले आणि मैदानामागची एक हवेशीर खोली त्यांच्या स्वाधीन केली. निर्गुंडीच्या तेलाचा वास त्या खोलीच्या भिंतींत मुरला होता. उंच उंच खेळाडू दारात वाकून आत येत आणि तासाभराने हलके होऊन बाहेर पडत.

वस्तादांच्या हाताखाली श्रीरंग नावाचा एक तरुण शिष्य होता. शरीरशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन तो त्यांच्याकडे बोटांची विद्या शिकायला आला होता. बोटे हुशार होती आणि स्वभाव त्याहून गोड. ज्या दिवशी वस्तादांनी त्याला पहिल्यांदा रुग्णाला हात लावू दिला, त्या दिवशी त्याच्याकडून एक वचन घेतले होते.

"ह्या टेबलावर माणूस झोपतो, तेव्हा तो अंगावरच्या कपड्यांबरोबर आपली अब्रूही आपल्या हाती देतो. ज्याचं दुखणं, त्याचं ते. तुझ्या तोंडून ते बाहेर जाता कामा नये."

श्रीरंगने मान लववून वचन दिले आणि ते मनापासून पाळले. निदान त्याला तसे वाटत होते.

मैदानाच्या फाटकाशी चहाची एक टपरी होती. तिथे रोज सायंकाळी सुकामेव्याचे एक मोठे व्यापारी येऊन बसत. माणूस उमदा, बोलणे रसाळ. बास्केटबॉलचे त्यांना वेड होते, आणि त्याहून मोठे वेड सामन्यांवर पैजा लावण्याचे. पेठेतल्या मित्रमंडळींत त्यांच्या पैजा चालत. हरल्याचे त्यांना फारसे वाटत नसे. आपला अंदाज चुकला, ह्याचे मात्र मनस्वी वाटे. कोणत्या खेळाडूने किती गुण केले, कोण कुठून चेंडू अचूक फेकतो, परगावी गेला की कोणता संघ ढेपाळतो, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. तरी अंदाज चुकतच.

एकदा चहाचा पेला पुढे सरकवीत ते श्रीरंगला म्हणाले, "वैद्यबुवा, वर्तमानपत्रातले आकडे वाचून पैज लावणं म्हणजे सगळ्या गावाने पाहिलेल्या आंब्यावर एकट्याने डोळा ठेवण्यासारखं आहे. मला जे ठाऊक, ते समोरच्यालाही ठाऊक. जी गोष्ट अजून कोणालाच कळली नाही, तीच खरी कामाची. पण ती मिळायची कुठे?"

श्रीरंग हसला. "ती मी देईन असं वाटत असेल तर चहा फुकट जाईल, शेटजी. मी वचनात बांधलेला माणूस आहे."

"राम राम! तुमचं वचन मोडायला सांगेन, असा दिसतो का मी?" व्यापाऱ्यांनी कानाला हात लावला. "आपली माणसं म्हणून खुशाली विचारतो, झालं. कप्तानांचं मनगट मध्ये धरलं होतं म्हणे?"

"ते? छे! आता अगदी ठणठणीत आहे."

हे सांगताना श्रीरंगला कसलाही संकोच वाटला नाही. जे दुखत नाही, त्याचे गुपित ते काय राखायचे? उलट, आपल्या हाताने बरे झालेले मनगट आहे, हे सांगताना त्याची छाती किंचित फुगली. मग तो रोजचाच परिपाठ झाला. व्यापारी एकेकाची खुशाली विचारीत आणि श्रीरंग आनंदाने सांगे: अमक्याची पाठ आता काठीसारखी सरळ झाली आहे, तमका तर हरणासारखा पळतो आहे. एखाद्याचे खरोखर दुखत असे, तेव्हा योगायोगाने व्यापारी गावाला गेलेले असत किंवा विषय दुसरीकडेच वळे. म्हणून श्रीरंगच्या वचनाची परीक्षा कधी झाली नाही.

संघात सिद्राम नावाचा एक खेळाडू होता. सीमेकडच्या एका खेड्यातून आलेला, ताडासारखा उंच आणि बोलायला लाजाळू. बास्केटखाली तो उभा राहिला की प्रतिस्पर्ध्याला आभाळ कमी पडे. मोसमातला सर्वांत अवघड सामना तोंडावर आला असताना सरावात तो उडी मारून खाली आला आणि त्याचा डावा गुडघा मुरगळला.

वस्तादांनी गुडघा दोन्ही तळहातांत धरला, डोळे मिटले, अंगठ्याने हळूहळू चाचपला. "तुटलं काही नाही. सूज आहे. नीट आधार दिला तर थोडा वेळ खेळशील, आणि दुखायला लागलं की गुमान बाहेर यायचं. पण ह्या बाजूने कोणी जोराचा धक्का दिला, तर मात्र मोसमच काय, पुढची वर्षंही जातील."

प्रशिक्षक शेजारीच उभे होते. त्यांनी विचार करून होकार दिला. ते गेल्यावर सिद्राम उठून बसला आणि श्रीरंगकडे व वस्तादांकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, "एक मागणं आहे. हे खोलीबाहेर जाऊ देऊ नका. आधीच्या संघात माझी पाठ धरली होती, ते कसंतरी फुटलं. पुढच्या सामन्यात समोरच्यांनी मुद्दाम पाठीवरच कोपरं मारली. चार महिने झोपून होतो. आईला वाटलं, पोरगा आता उठत नाही."

"निर्धास्त राहा, दादा," श्रीरंग म्हणाला. त्याच्या शब्दांत तिळमात्र खोट नव्हती.

त्याच सायंकाळी टपरीवर व्यापारी बसलेले होते. नेहमीप्रमाणे खुशाली सुरू झाली. कप्तान? उत्तम. तो डावखुरा पोरगा? एकदम ताजातवाना.

"आणि आपला सिद्राम?"

श्रीरंगच्या हातातला पेला ओठांपाशी थांबला. "त्याचं मला काही विचारू नका, शेटजी."

व्यापाऱ्यांनी भुवया उंचावल्या, पण स्वर मऊच ठेवला. "बरं बरं, नाही विचारत. ताप वगैरे नाही ना बिचाऱ्याला?"

"नाही हो, ताप कसला!"

"देवाची कृपा. हात महत्त्वाचा खेळाडूचा. हात बरा आहे ना?"

"हाताला काय धाड भरलीय!"

"खांदा?"

"तोही छान आहे."

"कंबर तर पूर्वी धरायची त्याची..."

"कंबर आता दगडासारखी भक्कम आहे."

"मग गुडघा असेल," व्यापारी सहज म्हणाले.

श्रीरंग ताडकन उठला. "शेटजी, मी वचन दिलं आहे. ह्यावर मी एक अक्षर बोलणार नाही!"

आणि तो खरोखरच एक अक्षर न बोलता फाटकातून निघून गेला. वाटेत त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता. एवढा गोडबोल्या माणूस, एवढे घोळून विचारतो, तरी आपण बधलो नाही! व्यापाऱ्यांनी मात्र अर्धा चहा तसाच टाकला आणि ते लगबगीने पेठेकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्राम खोलीत आला, तो टेबलाकडे न जाता दारातच उभा राहिला.

"वाण्याच्या दुकानात उभा होतो," तो म्हणाला. "वाणी म्हणाला, गुडघा जपा हो, सिद्राम. पेठेत आपल्या संघावर आता कोणी पैज लावत नाही. समोरच्या संघाचा मुक्काम पेठेतल्याच धर्मशाळेत आहे. त्यांच्या कानांवर गेलंच असेल." मग त्याने श्रीरंगकडे वळून विचारले, "कोणाला सांगितलंस, श्रीरंग?"

"कोणालाही नाही, दादा! आईची शपथ! शेटजींनी विचारलं, मी साफ नाही म्हटलं. त्यांनाच विचारा हवं तर."

सिद्रामने फक्त मान हलवली आणि तो खाली वाकून दाराबाहेर गेला. त्याने रागावून आरडाओरडा केला असता, तर श्रीरंगला बरे वाटले असते. तो डोळ्यांत पाणी आणून वस्तादांकडे वळला.

"वस्ताद, तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

"आहे. काय बोलणं झालं, ते जसंच्या तसं सांग."

श्रीरंगने सांगितले. ताप, हात, खांदा, कंबर, सारे सांगितले. सांगता सांगता शेवटाकडे त्याचा आवाज कोठेतरी बारीक झाला, पण का झाला हे त्याला उमगले नाही. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतले. रागावले नाहीत की उपदेशही केला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"डावा की उजवा, हे बोलण्यात आलं?"

"नाही. त्याआधीच मी उठलो."

"ठीक. मग अजून थोडं आपल्या हातात आहे. कपाटात पट्ट्यांचे जेवढे गुंडाळे असतील तेवढे काढ. कमी पडले तर बाजारातून आण."

सामन्याच्या दिवशी दुपारी वस्तादांनी साऱ्या संघाला खोलीत बोलावले आणि कप्तानाला पहिल्यांदा टेबलावर बसवले. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना त्यांनी निगुतीने पट्ट्या बांधल्या.

"वस्ताद, माझे गुडघे उत्तम आहेत," कप्तान म्हणाला.

"असू देत. उत्तम गुडघ्यांनाही आधार गोडच लागतो."

मग दुसरा आला, तिसरा आला. श्रीरंग पट्ट्या उलगडून देत होता, वस्ताद बांधत होते. सिद्रामची पाळी आली, तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याला त्यांनी आतून औषधाचा लेप आणि जाड कापसाची घडी दिली. बाहेरून मात्र ती पट्टी इतरांसारखीच दिसत होती. खेळाडू संपले तसे वस्तादांनी प्रशिक्षकांना बसवले. ते वैतागले, मग हसले आणि मुकाट्याने पाय पुढे केले. पाणी देणाऱ्या माणसाचे गुडघे बांधून झाले. शेवटी वस्तादांनी स्वतःच्या पायजम्यावरून दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या आवळल्या आणि उरलेला गुंडाळा श्रीरंगपुढे धरला.

"बांध."

"मला? मी तर मैदानात उतरणारही नाही! वस्ताद, हे काय चाललं आहे?"

"आधी बांध. मग बोलू."

असा तो संघ मैदानात उतरला. प्रेक्षकांत आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. कोणी ओरडले, "अरे, साऱ्या संघालाच संधिवात झाला काय?" वृद्ध वस्ताद पट्ट्या बांधलेले पाय टाकीत येऊन बाकावर बसले, तेव्हा तर टाळ्या पडल्या. प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडू डोकी एकत्र करून काहीतरी बोलू लागले. त्यांचा प्रशिक्षक सिद्रामच्या गुडघ्यांकडे पाही, मग कप्तानाच्या, मग पाणी देणाऱ्याच्या, आणि डोके खाजवी.

व्यापारी पहिल्या रांगेत होते. त्यांचे मित्र त्यांना दोन्ही बाजूंनी खेटत होते. "अहो, तुम्ही तर सिद्रामचा गुडघा म्हणाला होता! इथे तर साऱ्यांच्याच गुडघ्यांना पट्ट्याच पट्ट्या. कोणता खरा?" व्यापाऱ्यांनी बराच वेळ विचार केला. म्हाताऱ्याने आपल्याला मुद्दाम फसवले असेल काय? की पोरगाच पढवलेला होता? चेंडू वर उडायच्या आत त्यांनी हात झटकून सांगितले, "माझी पैज रद्द. मला काही कळत नाही."

सामना अटीतटीचा झाला. सिद्राम थोडा वेळ खेळला, बाहेर आला, पुन्हा थोडा वेळ खेळला. एकदा समोरचा एक दांडगा खेळाडू त्याच्या अंगावर आला खरा, पण त्याचा धक्का उजव्या बाजूने होता. सिद्रामने तो सहज पेलला आणि तोल सावरत चेंडू बास्केटमध्ये टाकला. शेवटच्या क्षणी संघ थोडक्यात हरला. लोक हळहळले. वस्तादांचे लक्ष मात्र गुणफलकाकडे नव्हतेच. सिद्राम आपल्या पायांनी, न लंगडता खोलीकडे चालत गेला, तो दाराआड दिसेनासा होईपर्यंत ते त्याच्या चालीकडे पाहत राहिले आणि मग समाधानाने उठले.

वाटेत त्यांना आणि श्रीरंगला व्यापारी आडवे आले. त्यांनी वस्तादांना वाकून नमस्कार केला. चेहरा मोकळा होता.

"वस्ताद, किती वर्षांनी आज पैज नसताना सामना पाहिला. सिद्रामची ती तोल सावरत केलेली फेक! एरवी मी त्या वेळी घड्याळ पाहत असतो. आणि एक सांगतो, तुमच्या शिष्यावर रागावू नका. त्याने मला एक शब्दही सांगितला नाही. त्याने न सांगितलेलं मीच ऐकलं."

"ते मला ठाऊक आहे, शेटजी," वस्ताद हसून म्हणाले. "तुमचा कान तयार आहे."

खोलीतून सारे गेल्यावर श्रीरंग आणि वस्ताद दोघेच उरले. श्रीरंग पट्ट्या गुंडाळत होता. बराच वेळ मनाशी घोळवून तो म्हणाला, "वस्ताद, शेटजी म्हणाले ते मला आत्ता कळलं. पण मग मी करायला काय हवं होतं? सिद्रामदादा बरा आहे, असं खोटं सांगायचं?"

"खोटं नको. आज त्याच्यासाठी खोटं बोलशील, तर उद्या तुझ्या खऱ्यावरही तोच विश्वास ठेवणार नाही. इकडे बस." वस्तादांनी त्याला टेबलाच्या कडेवर बसवले. "पेठेतलं एखादं दुकान रोज उघडं असतं. एके दिवशी त्याच्या फळ्या लागलेल्या दिसल्या, की लोक कोणाला न विचारता म्हणतात, त्या घरात काहीतरी घडलं. आणि शेजारचं दुकान दर सोमवारी बंदच असतं. सोमवारी त्या घरात लग्न असो की सुतक, बाहेरच्याला काय कळणार? तू सगळ्यांच्या तब्येतीचं दुकान रोज उघडं ठेवलंस, श्रीरंगा, आणि सिद्रामच्या नावावर तेवढी फळी लावलीस. तू बोलला नाहीस हे खरं. पण ती फळी बोलली."

श्रीरंगने हातातली पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळायला घेतली.

"कप्तानाचं मनगट बरं झालं, ही बातमी कोणाची? कप्तानाची. चांगली बातमी म्हणजे काही वाटायला ठेवलेली साखर नव्हे. ती वाटताना तुला गोड लागली, आपल्या हाताचं कौतुक झालं, आणि एकेक चांगली बातमी वाटता वाटता तू वाईट बातमीला आडोसाच ठेवला नाहीस. जो निरोगी माणसाबद्दल गप्प राहू शकतो, त्याचंच मौन आजाऱ्याच्या कामाला येतं."

"म्हणून तुम्ही सगळ्यांना पट्ट्या बांधल्या?"

"गेलेला शब्द माघारी आणता येत नाही. त्याच्यासारखेच दुसरे चार त्याच्याभोवती उभे करता येतात. एकाच्याच गुडघ्याला पट्टी असती, तर तिने बोट दाखवलं असतं. सगळ्यांनी बांधली, म्हणून ती मुकी झाली. आणि आणखी एक. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं, त्यांनीही एका दुखणाऱ्यासाठी हसू झेललं. सिद्रामने ते पाहिलं. औषधाचा अर्धा गुण तिथेच आला."

"आणि तुमचे गुडघे?" श्रीरंगने भीत भीत विचारले. "ते खरंच दुखतात का, वस्ताद?"

वस्ताद खळखळून हसले. "ज्याचं दुखणं, त्याचं ते!"

त्या दिवसापासून श्रीरंगने एकच उत्तर ठरवले. कोणीही, कोणाचीही तब्येत विचारली, तरी तो नम्रपणे म्हणे, "त्यांनाच विचारा, त्यांना आनंद होईल." आरंभी हे फार जड गेले. कप्तानाच्या मुलीच्या बारशात एका पाहुण्याने कप्तानाच्या पाठीची चौकशी केली. पाठ उत्तम होती, शब्द जिभेवर आलाही होता. श्रीरंगने तो गिळला. पाहुण्याला वाटले, पोरगा शिष्ट झाला. टपरीवर व्यापारी आता खेळाच्याच गप्पा मारीत, क्वचित सवयीने एखादे नाव घेत आणि उत्तर ऐकून मनापासून हसत. हळूहळू नगराला सवय झाली. श्रीरंग गप्प आहे म्हणून कोणी काही ताडीना, कारण तो सगळ्यांच्याच बाबतीत गप्प होता. बोलण्यासारखे खूप असताना न बोलण्यातही एक स्वस्थता असते, हे त्याला कळू लागले.

सिद्राम मात्र त्या सामन्यापासून वस्ताद असतील तेव्हाच खोलीत येई. श्रीरंगशी तो नीट बोले, हसेही, पण टेबलावर झोपताना तोंड भिंतीकडे करी. श्रीरंगने त्याची मनधरणी केली नाही. विश्वास मागून मिळत नसतो, हे तो आता जाणून होता.

मोसम संपत आला होता. एका निवांत दुपारी वस्ताद नदीवर गेले होते आणि श्रीरंग खोलीत तेल गाळत बसला होता. दारात कोणीतरी वाकले. सिद्राम होता.

"वस्ताद नाहीत, दादा," श्रीरंग उठून म्हणाला. "तासाभरात येतील. बसता का तोवर?"

सिद्राम क्षणभर घुटमळला. मग त्याने मागे हात करून दार लोटले, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि तो टेबलावर पालथा झोपला. ह्या वेळी त्याचे तोंड श्रीरंगकडे होते.

"नको," तो म्हणाला. "पाठ पुन्हा धरतेय. अजून कोणाला सांगितलं नाही. तूच बघ."

श्रीरंगने तळहातावर कोमट तेल घेतले आणि काही न विचारता हात ठेवला. हाताखालचा ताठरपणा हळूहळू सैल होत गेला. दोघेही बोलले नाहीत, आणि त्या खोलीत बोलण्याची उणीव कोणालाच भासली नाही.

ज्याचे ओठ दुसऱ्याच्या सुखाच्या बातमीवरही मिटू शकतात, त्याच्याच हाती माणसाने आपले दुःख निर्धास्त सोपवावे.